गल्लीवरून गेलेली दोरी

नदीकाठच्या त्या वस्तीत आमचा कॉलेजचा गट पुराच्या सरावासाठी गेला होता. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेच्या गच्चीवर जायचं, एवढंच आम्ही सांगणार होतो. गल्लीवरून गेलेली निळी दोरी मला कपडे वाळत घालायची वाटली.

भोंगा वाजला. बागलकोटहून इथं कामाला आलेल्या यल्लव्वा दारात आल्या आणि त्यांनी ती दोरी ओढली. समोरच्या घरात, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीनपुढे टांगलेलं लाल फडकं हललं असणार, कारण तिथल्या शाहीनचाची लगेच नातीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. चाचींना अजिबात ऐकू येत नाही. मागच्या पुरात पाणी पायाला लागेपर्यंत त्या शिवतच बसल्या होत्या.

“अगं, बाही तरी पुरी करू द्यायचीस!” चाची ओरडल्या.

यल्लव्वांनी गळ्यापर्यंत हात नेऊन पाणी किती चढेल ते दाखवलं. दोघी हसल्या.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आज काय शिकलीस, असं आई रोज विचारते. भोंगा वाजला की सगळ्यांना कळतं, असं मी सकाळपर्यंत खरंच समजत होते. हे तिला कसं सांगावं?

यल्लव्वा दुसऱ्या दिवशी गावी जाणार होत्या. सराव संपून चाची घरात गेल्यावर त्यांनी शेजारच्या सुनीताला बोलावून दोरी तिच्या हातात दिली. नवी सून ती, तिने हळूच ओढली. चाची पुन्हा नातीला घेऊन बाहेर आल्या. दोरी कुणाच्या हातात आहे ते त्यांनी नीट पाहिलं.

“लाजू नको गं,” त्या म्हणाल्या, “जोरात ओढ.”