हात कुठे लावायचा नाही

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत अशी एकही म्हैस, गाय किंवा बोकड नसेल, ज्याच्या पाठीवरून आमच्या ताईच्या सासऱ्यांचा हात फिरला नाही. माणसांचं मी बोलत नाही. माणसं त्यांच्या फारशी लक्षातच राहायची नाहीत. लग्नाच्या मांडवात सख्खा साडू समोर येऊन उभा राहिला तरी "कोण रे तू?" म्हणून विचारायचे. पण त्याच साडूच्या गोठ्यातली बांडी गाय डाव्या खुब्यात आखडून चालते, हे त्यांना दहा वर्षांमागचं आठवायचं. "आत्ता! त्या बांडीवाला व्हय तू!" असं म्हणून मग ते त्याला मिठी मारायचे, आणि मिठी मारता मारता त्याचेही खांदे चाचपून घ्यायचे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की मला आधी हसू येतं, मग माझीच मला लाज वाटते. ती का, तेही सांगणार आहे. पण हसण्यासारखं आधी सांगतो, कारण आबांच्या वाट्याला आधी तेच आलं होतं.

ताईला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट. आमचं घर वरंधच्या वाटेवर, रस्त्याला लागून. पोहे निवत आले, ताई ताट घेऊन दोनदा आत-बाहेर करून गेली, नवरा मुलगा फरशीवरची नक्षी पाठ करत बसलेला, आणि मुलाचे वडीलच गायब. मी तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. मला शोधायला पिटाळलं. परड्यात जाऊन बघतो तर नवाकोरा सदरा कोपरापर्यंत सारून आबा आमच्या म्हशीच्या पाठीवर रेललेले. ही म्हैस म्हणजे भलती तुसडी. आईशिवाय कुणी जवळ गेलं की शिंग रोखायची, एकदा तिने तलाठ्याला पळवला होता. ती आता मान लांब करून, डोळे अर्धे मिटून उभी. "बघत काय रवलास? तेल आण जरा. हिच्या पाठीत वारं भरलंय," आबा म्हणाले. मी मुकाट्याने तेल आणलं. अर्ध्या तासाने गुडघ्यांना शेण घेऊन ते ओटीवर आले आणि उभ्या उभ्याच जाहीर केलं, "पोरगी पसंत हाय." माझे वडील म्हणाले, "अहो, निदान बघा तरी!" "बघायचं काय त्यात? ज्या घरची म्हैस परक्याला पाठ देते, त्या घरात मारझोड नाय. पोर चांगलीच असणार." असं ताईचं लग्न ठरलं. पुढे कित्येक वर्षं ती सांगायची, मला म्हशीने खपवली.

चोळण्याचं त्यांचं शास्त्र त्यांनी स्वतःच बांधलेलं. करंजेल तेल कोमट करायचं, डोळे मिटायचे, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत बोटांनी एक फेरी मारून यायची. "डोळ्यांना वरचं दिसतं, बोटांना आतलं," म्हणायचे. महाडजवळच्या सव गावातल्या गरम कुंडांवर त्यांची फार श्रद्धा. म्हाताऱ्या बैलाचे गुडघे शेकायला तिथलं पाणी ते दोन कॅनमध्ये भरून एसटीने पोलादपूरच्या वर, पार घरापर्यंत न्यायचे. पोचेपर्यंत त्याचं गारेगार पाणी झालेलं असायचं. मग ते चुलीवर तापवायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, मग विहिरीचंच तापवा की!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उगीच शाळा शिकलो. "ज्याला एकदा आपणहून तापायचं ठाऊक हाय त्या पाण्याची गोष्ट निराळी रे." एकदा कशेडी घाटात दरड आली म्हणून गाडी खोळंबली, तर हे खाली उतरून धनगराच्या लंगडत्या घोड्याला चोळत बसले. रस्ता मोकळा झाला, कंडक्टरने चार हाका मारल्या, शेवटी बिचाऱ्याने घंटी दिली. आबा दुसऱ्या दिवशी घरी आले. अंगाला घोड्याचा वास, हातात धनगराने दिलेलं घोंगडं, आणि चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. "आता नीट टाकतो पाय," एवढंच म्हणाले.

माझं महाडच्या स्टँडजवळ दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांचे अर्ज. आबा महाडला आले की दुकानात हमखास टेकायचे. आत येण्याआधी शेजारच्या चहावाल्याच्या शेळीला दोन मिनिटं चोळायचे, मग हात न धुता माझी मान दाबून सांगायचे, "उजव्या अंगाला धरलीय. खुर्ची बदल तुझी." मी खुर्ची काही बदलली नाही, मान अजून धरते.

तीन-चार वर्षांपूर्वी, नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल, ते असेच आले. गिऱ्हाईक नव्हतं. गंमत म्हणून मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: परदेशात कुठेशी एक बाई घोड्याला मालिश करतेय, आणि आजूबाजूला दहा-बारा माणसं वह्या घेऊन उभी. आबांनी तो तीनदा पाहिला. "म्हंजे हे शिकवतात?" "शिकवतात म्हणजे काय आबा, सर्टिफिकेट देतात." मला वाटलं, आता म्हणतील की ह्या बाईला काय कळतंय. ते म्हणाले, "मला शिकायचं हाय." बहात्तर वर्षांचा माणूस! अख्ख्या खोऱ्यातली जनावरं चोळून झालेला! मी इतक्या मोठ्याने हसलो की रस्त्यावरून जाणाऱ्या एका गुरुजींनी वळून पाहिलं. आबा हसले नाहीत. आणि अजून एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली होती. शेळी पायरीशीच उभी होती, त्यांना बघून तिने मानही वर केली होती, आणि आबा हात पाठीमागे बांधून तिच्या बाजूने आत आले होते. मी पाहिलं आणि म्हटलं, घाईत असतील.

मग सुरू झालं आमचं शाळा निवडणं. मी शोधून द्यायचं आणि आबांनी फोन करायचा. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. दुकानात जो असेल तो ऐकायचा. अभ्यासक्रम काय, किती दिवसांचा, कुणाची मान्यता, यातलं ते काही म्हणजे काही विचारायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न ठरलेला: "जनावराला हात कुठं लावायचा नाय?" पहिला कोर्स सगळा मोबाइलवरचाच होता. तिथला मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, आपल्याकडे फुल बॉडी शिकवतात, काहीच सोडत नाही!" आबांनी फोन माझ्याकडे परत दिला. "ह्यो जनावर मारील," म्हणाले. दुसरा कोर्स पुण्याचा, घरातल्या कुत्र्यांसाठी. तिथल्या बाई फार गोड बोलल्या, "ते सगळं नोट्समध्ये आहे, तुम्ही आधी नाव नोंदवा ना." आबांनी त्यांना नमस्कार सांगितला आणि मला म्हणाले, "बाई चांगली हाय गो, पण तिला ठाऊक नाय." घाईत मलाही ते गो म्हणायचे. तिसरा नंबर सापडला तो वरंधचा घाट चढून पलीकडे, भोरच्या बाजूला, ढोरांच्या एका निवृत्त डॉक्टरांचा. ते स्वतःच्या अंगणात, खऱ्या बैलांवर, आठवड्याचं शिबिर घ्यायचे. आबांनी प्रश्न विचारला. पलीकडे खोकल्याचा आवाज आला आणि मग म्हातारा आवाज म्हणाला, "पहिले दोन दिवस मी तेवढंच शिकवतो. हात लावायचा तो तिसऱ्या दिवशी." आबा स्टुलावरून उठून उभे राहिले. फोनसमोर माणूस उठून उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता. डोक्यावरची टोपी नीट करून म्हणाले, "हितं जायचं."

शिबिर गणपती गेल्यावर लगेच होतं. मी अर्ज छापून घेतला आणि भरायला बसलो. नाव, गाव, वय, शिक्षण चौथी. मग एक रकाना होता, प्रशिक्षण घेण्याचा उद्देश. "काय लिहू आबा?" त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. दुकानात दाखल्याला आलेली दोन माणसं होती. मग हळू आवाजात म्हणाले, "लिव. एक इचारायचं हाय." "अहो, असं लिहितात होय अर्जात!" मी ठणकावलं. तोवर पेनने लिहून झालेलं 'एक विचारायचं आहे' मी खोडलं आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं, 'पशुसेवा व ग्रामविकास'. आबांनी वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली. अर्ज भरण्यात माझा हात कोण धरणार!

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, त्यांना कशाला नादी लावतोस? घाटात दरडी येतायत, रस्ता अर्धा बंद, वय काय त्यांचं! तिकडं आठ दिवस कोण बघेल? तूच काहीतरी सांग नि अडव." ताईचं चुकत नव्हतं. पण अडवायचं तर समोर बसवून सांगायचं होतं. तेवढी हिंमत नव्हती, आणि कोण वाद घालणार असंही वाटलं. मी अर्ज टेबलाच्या खालच्या खणात टाकला आणि पुढच्या खेपेला आबा आले तेव्हा सांगून टाकलं, "आबा, जागा भरल्या." वर शहाणपणा असा, की तो मोबाइलवरचा कोर्स करून देऊ का म्हणून विचारलं, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट घरपोच येतं म्हटलं. "कागद नको रे मला," आबा म्हणाले. थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "भरल्या म्हंजे माझ्यासारखे बरेच हायत म्हणायचे." त्यांना त्यात कसलासा दिलासा मिळाल्यासारखा दिसला. जाताना म्हणाले, "पुढल्या साली माझं नाव पयलं घाल."

पुढल्या साली मी फोन केला तो त्यांनी आठवण केल्यावरच. डॉक्टरांचे गुडघे गेले होते, शिबिर बंद झालं होतं. या वेळी मी खरं सांगितलं. आबा "बरं" म्हणाले, पायरी उतरले, शेळीच्या बाजूने हात मागे बांधून गेले.

मागच्या थंडीत दोन दिवसांच्या तापात आबा वारले. बाराव्याला गेलो तर गोठ्यात म्हैस चारा टाकून उभी. मी ताईला म्हटलं, "हिला आबांच्या हाताची सवय होती, चुकल्यासारखं झालं असेल." ताईने माझ्याकडे चमकून पाहिलं. "कसला हात? पाडा गेल्यापासून त्यांनी एका जनावराला हात लावला नाय. तुला ठाऊक नाय?"

पाडा गेल्याचं मला ठाऊक होतं. दोन वर्षांचा, उद्या जोताला जुंपायचा देखणा पाडा, ऐन पावसात एका दिवसात गेला. जनावरं मरतात, मी फोनवर हळहळलो होतो. पण कसा गेला, ते मी विचारलं नव्हतं. ताईने आता सांगितलं. सकाळी तो मागचा पाय टेकेना, मांडी सुजली. दाजी म्हणाले, पोलादपूरहून डॉक्टर आणतो. आबा म्हणाले, "माझा हात असताना डाक्तर कशाला?" आणि करंजेल तेल घेऊन बसले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चोळत होते. सुजेखाली काहीतरी करकर वाजत होतं. ते म्हणत, वारं हाय, निघतंय, निघतंय. दिवेलागणीला पाडा त्यांच्या मांडीवर मान टाकून गेला. "आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग नागपंचमीनंतर एकदम म्हणाले, महाडला जाऊन येतो. शिकायचं खूळ तेव्हा निघालं. मला कुठं कळलं रे, ते कशासाठी शिकतायत? मीच तुला म्हटलं, अडव म्हणून." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

दुकानात परत आल्यावर मी भोरच्या त्या नंबरावर फोन लावला. डॉक्टरांनीच उचलला. मी सगळं सांगितलं. मांडीची सूज, करकर, दिवसभराचं चोळणं. ते लगेच म्हणाले, "फऱ्या रोग. पावसात तरण्या गुरांना धरतो. पहिल्या दिवशी पहिलं मी हेच सांगायचो, करकर वाजली की हात काढायचा." मी विचारलं, चोळल्यामुळे मेला का? ते म्हणाले, "हे बघा, पावसाळ्याआधी लस टोचायला हवी होती. सकाळी आणला असता तर मी इंजेक्शन मारून बघितलं असतं. वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. सूज दिसते तोवर बहुतेक वेळा सगळं संपलेलंच असतं. चोळल्यामुळे गेला, असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाकायला सांगा. कोण, वडील का तुमचे? द्या त्यांना फोन."

मी म्हटलं, ते आत्ता इथे नाहीत.

फोन ठेवला आणि खालचा खण उघडला. अर्ज होता तसाच आहे. कडा थोड्या पिवळ्या पडल्यात. 'पशुसेवा व ग्रामविकास' हे माझं सुबक अक्षर, आणि त्याखाली खोडलेलं, पण नीट वाचता येणारं, 'एक विचारायचं आहे'. स्पीकरवर, चार लोकांसमोर विचारता येण्यासारखं ते नव्हतं. त्यासाठी घाट चढून कुणाच्या तरी अंगणात बसावं लागलं असतं. किंवा मी त्या दिवशी पेन खाली ठेवून म्हणायला हवं होतं, काय विचारायचंय आबा, मला तरी सांगा. उत्तर मला आलं नसतंच. पण फोन माझ्याच दुकानात होता, आणि ती दोन माणसं दाखले घेऊन पाच मिनिटांत जाणारच होती.

दुकान बंद करताना आता मी पायरीवर शेळीपाशी थांबतो. ती सवयीने मान पुढे करते. मला कुठे हात लावायचा ठाऊक नाही, आणि कुठे नाही तेही ठाऊक नाही. मी नुसता तिच्याजवळ उभा राहतो.