करवंट्यांवर चाललेली गिरण

कौसरची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर त्यांच्यात पाळतात ते सव्वाचार महिने, संपली आणि त्याच आठवड्यात तिचे थोरले दीर नझीरभाई गिरणीत आले. इंजिनाभोवती एक फेरी मारली, चाकावर हात फिरवला आणि गेले. संध्याकाळी कौसर आमच्या पडवीत येऊन बसली.

"दमयंतीवहिनी, बैल विकायचा असला की माणूस त्याच्याभोवती असाच फिरतो," ती म्हणाली.

अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. आमचं गाव अंजनवेलच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. वीज होती, पण गिरणीची मोटर ओढेल इतका तिच्यात जोर नव्हता. म्हणून कौसरच्या नवऱ्याची, हमझाची, गिरण तेलाच्या इंजिनावर चालायची. भात सडायचं, पीठ दळायचं, सगळं तिथेच. डिझेल पलीकडच्या काठावरून होडीने यायचं आणि धक्क्यावरून हमझा ते कॅन खांद्यावर घेऊन चढ चढायचा. त्याच चढावर उन्हाळ्यात त्याची छाती दुखली आणि तो गेला.

नझीरभाई वाईट माणूस नव्हेत. अर्धं इंजिन त्यांच्या दुबईच्या कमाईतलं. त्यांचं म्हणणं असं, की एकट्या बाईने कॅन वाहायचे, तेलाचा खर्च सोसायचा, त्यापेक्षा इंजिन भंगारवाल्याला द्यावं आणि कौसरने देवरूखला भावाकडे राहावं. भाऊ न्यायला तयार होता. कौसर जायला तयार नव्हती. भावाच्या घरी भाकऱ्या थापायच्या त्या त्याच्या बायकोला विचारून, असं ती मला म्हणाली होती. तिने दिराकडे मुदत मागितली. इंजिनाला दुसरं काही खायला घालता आलं तर गिरण राहील, नाही तर ती स्वतः किल्ली देईल. नझीरभाई हसले आणि रमजान लागतो त्या चांदापर्यंत थांबायला कबूल झाले. तेव्हा दिवाळी जवळ आली होती, रमजान दोन महिन्यांवर.

दुसरं काही म्हणजे काय, ते तिने आमच्याच घरात ऐकलं होतं. आमच्या यजमानांचे मामा, भिकाजीमामा, अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन आमच्याकडे राहत. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशाच्या गॅसवरची बस चालवायचे, मागे शेगडी बांधलेली. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलेली, की मामांनी सुरुवात केली की मी भाजी चिरायला घ्यायची. कौसर मात्र येऊन म्हणाली, "मामा, ती शेगडी मला बांधून द्या."

तिकडे अंजनवेलला वीज करायचा मोठा कारखाना उभा राहत होता. गावातले पुरुष तिला विचारायचे, त्यांचा आधी सुरू होतो की तुझा? ती म्हणायची, त्यांना घाई नाही, मला आहे.

मामांनी पत्र्याच्या पिंपाची शेगडी केली. लाकडाला पुरता वारा मिळाला तर जाळ होतो. अर्धपोटी ठेवलं, तर धूर निखाऱ्यातून खाली ओढला जातो आणि त्याचा जळणारा वायू होतो. तो पाण्यातून नेलेल्या नळीत गार करायचा, काथ्या भरलेल्या दुसऱ्या पिंपात गाळायचा. पुढे इंजिन तो आपणच ओढून घेतं. दिव्याला वात लागते तसं थोडं डिझेल लागतंच, पण थोडंच. हा वायू छातीत गेला तर माणूस झोपेतच जातो, म्हणून मामांनी शेगडी बाहेर मांडली आणि गिरणीच्या दोन बाजूंच्या कुडाच्या भिंती काढायला लावल्या.

पहिलं जळण घातलं काजूच्या टरफलांचं. त्यासारखं भडकून पेटणारं आमच्याकडे दुसरं काय आहे? काजूचा कारखानदार पोती फुकट देत होता. इंजिन असं काही पुकपुकलं, की कौसरने वाडीभर साखर वाटली. आम्ही सगळेच खूष.

तिसऱ्या दिवशी ते अडकलं. हँडल फिरेना. नझीरभाई आले, शांतपणे म्हणाले, "कौसर, आता पुरे."

"चांद दिसला का?"

"अजून अवकाश आहे."

"मग पुरे नाही."

मामांनी इंजिन खोललं. व्हॉल्व्हला काळा चिकटा बसला होता. कौसरने तो बोटांनी खरवडला, वास घेतला, आणि उठून चुलीतली राख हाताला फासून आली. काजू फोडताना आपण फासतो तशी. टरफलातला डीक, कातडी भाजणारं चिकट तेल, होता तो. लहानपणी त्याने हात सोललेले नाहीत अशी आमच्याकडे बाई नाही, आणि एकीलाही आधी आठवलं नाही!

मग डीक नसलेलं, कडक आणि सुकं जळण कुठलं? कौसर आमच्या न्हाणीच्या चुलीकडे बघत राहिली. तिथे करवंट्या जळत होत्या.

घरोघरच्या करवंट्या आठवड्यात संपल्या. मोठा ढीग होता तो ग्रामदेवीच्या देवळामागे, नवसाच्या नारळांचा. वाडीत कुजबुज झाली, देवीचं यंत्रात कसं घालायचं? मी रोज देवळात जाणारी, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, खोबरं प्रसादाचं, करवंटी तर गुरवाच्या बंबात जातेच. गुरव म्हणाला, कौल लावू. लाव म्हटलं. मूर्तीला फुलं लावली आणि मी डोळे मिटून नाव घेत बसले. उजवीकडचं फूल पडलं. देवीचा होकार मिळाला. पहिली टोपली मीच डोक्यावर घेतली. मुलाला काय हवं ते आईला कळतं, एवढंच मला ठाऊक.

चांदाच्या दिवशी सकाळपासून इंजिन चालू होतं. भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी वर आला, मागून नझीरभाई. रोजा धरण्याआधी पहाटे खायच्या सेहरीच्या भाकऱ्यांसाठी तांदूळ घेऊन बायकांची रांग लागली होती. मगरिबला, सूर्य बुडाल्यावरच्या नमाजाच्या वेळी, खाडीवर चांद दिसला. कौसरने पट्टा काढला, हात पुसले आणि किल्ली दिरापुढे धरली. नझीरभाईंनी किल्ली घेतली नाही. कोपऱ्यातला डिझेलचा कॅन उचलून हलवला.

"हा कधी आणला?"

"काथ्या बदलला त्याच्या आधी. मागच्या जुम्म्याला."

इतके दिवस इंजिन चालूनही कॅन जड होता. त्यांनी टेम्पोवाल्याला इंजिनाऐवजी जुने पत्रे भरायला सांगितले आणि घरून तांदळाचं पोतं मागवलं. कौसरने पोत्याकडे पाहिलं.

"करवंट्या?"

दळणाबरोबर टोपलीभर करवंट्या, हा तिचा नियम होता. पुढे जोरदार वीज येऊन मोटर बसली ती दोन हजार सहात. तोवर तो तिने कुणालाही सोडला नाही. नझीरभाई परत गेले आणि टोपली घेऊन आले.

"शेंड्या काढून द्या," कौसर म्हणाली. "धूर होतो."

ते बांधावर बसले आणि शेंड्या काढू लागले.