बघ्याला जेवण नाही

एदुलिया नावेलकीनचं घर समुद्र खात होता. वर्षागणिक कडा ढासळत होता आणि आता परसातली कोबी लाटांच्या हाताशी आली होती. आमच्या चिलोए बेटावर अशा वेळी घर सोडत नाहीत, घरच उचलून दुसरीकडे नेतात. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, सगळ्या गावानं दोर ओढायचा आणि घरमालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. हीच मिंगा. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. यात विसरभोळेपणा चालत नाही.

एदुलिया शाळेत स्वयंपाक करायची. जन्मभर तिनं दोर ओढले होते, पण तिच्या घराची पाळी आली तेव्हा गावात उरले होते म्हातारे आणि त्यांचे गुडघे. तरणीताठी पोरं कामाला मुख्य भूमीवर गेलेली. संत अंतोनियोच्या मूर्तीला तिनं आठवडाभर कोनाड्यात उलटं टांगून ठेवलं होतं. "माणसं आण, मग सरळ करते," अशी उघड धमकी.

संतानं माणसं पाठवली, पण बुटकी. मिंगेच्या दिवशी राजधानीतून, सान्तियागोहून, एका शाळेच्या सहलीची बस आली. पुढं रेनाल्दो सर, हातात कर्णा.

"मुलांनो, इथल्या समुद्रात भुतांचं जहाज फिरतं अशी प्राचीन श्रद्धा..."

"डोंबलाची श्रद्धा!" एदुलिया म्हणाली. "चोरटा माल यायचा त्यातून. माझा आजा साबण घ्यायचा त्या भुतांकडून."

पोरं खिदळली. तेवढ्यात ओढत आणलेलं घर चढावर चिखलात रुतलं. बैल फुरफुरले, म्हातारे मटकन खाली बसले. भरती चढत होती. घर मागं घसरलं असतं तर थेट समुद्रात. एदुलियाच्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड बंद झालं नाही.

"ओ मास्तर, दोर धरा!"

"बाई, आम्ही संस्कृती बघायला आलोय."

"बघ्याला इथं जेवण नाही."

खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपल्या, डुकराचं मांस आणि बटाटे शिजत होते. वास सुटलेला. पोरांनी सरांकडे पाहिलंच नाही, दोराला चिकटली. शेवटी कर्णा चिखलात ठेवून सरही आले. घर कुरकुरलं, हललं आणि आतल्या मांजरासकट टेकडी चढलं. एदुलिया सगळ्यांसमोर हमसून रडली, मग संताला सरळ करून वाढायला बसली.

रोमिना नावाची एक पोर, तळहाताला फोड आलेले, बोटं चाटत म्हणाली, "आजी, आता आमचं घर हलवायचं असेल तेव्हा तुम्ही यायचं ना?"

"अगं, तू राहतेस नवव्या मजल्यावर!" सर हसले. गावही हसलं. कुणीतरी विचारलं, "एदुलियाकाकू, बैल जिन्यानं नेणार का?"

एदुलिया हसली नाही. तिनं पळी खाली ठेवली. "ओढलंस ना तू? मग बोलाव. शाळेत फोन कर, मी तिथंच असते."

काही वर्षं गेली. एका सकाळी शाळेत फोन वाजला.

"आजी, मी रोमिना. बाबा गेले सोडून. मला नि आईला घर बदलायचंय. लिफ्ट बंद आहे. आई सगळ्यांना फोन करतेय, पण कुणालाच वेळ नाही." मग हळूच, "तुम्ही म्हणाला होतात..."

एदुलियानं उभ्या जन्मात खाडी ओलांडली नव्हती. सान्तियागोला जाणारा माणूस चोर तरी होतो नाहीतर वकील, असं तिचं ठाम मत होतं. तिनं बटाट्याचं पोतं भरलं, खुंटीवरचा दोर घेतला, दोन आडदांड भाचे घेतले आणि संत अंतोनियोला बजावलं, "घर सांभाळ. नाहीतर येऊन उलटा करीन."

नऊ मजले चढून तिनं दार ठोठावलं. रोमिनाच्या आईनं उघडलं, तर समोर लोकरी मोज्यांतली, धापा टाकणारी म्हातारी, खांद्यावर मनगटाएवढा जाड दोर.

"बैलांना बसमध्ये घेत नाहीत," एदुलिया म्हणाली, "म्हणून ह्या दोघांना आणलंय."

मागून रोमिना धावत आली, तशी आई दारातच रडायला लागली.

"रडायचं नंतर," एदुलिया म्हणाली. "आधी दोर धर."