टिकलीखालचा शिक्का

आमच्या या मित्राने जिला नावं ठेवली नाहीत, अशी खिडकी नॉटिंगहॅममध्ये अजून बसायची आहे. कौन्सिलमध्ये बांधकामं तपासायची नोकरी केली, रिटायर झाला, पण खोड गेली नाही. कुणाकडेही गेला की आधी खिडकी, मग चहा. आग लागली तर माणूस यातून निघेल का, हे बघायला स्वतःच अर्धा बाहेर लोंबणार. एका बारशाला तसाच अडकला. पाळणा म्हणायचा थांबवून आम्ही चौघांनी पाय धरून आत ओढला, तर वर म्हणतो, "बघा, फेल." आमची ही पोहे देऊन विचारायची, "भावजी, हे तरी पास?" तर हा म्हणे, मीठ तपासावं लागेल.

ही गेली. मुलगी म्हणाली, बाबा, घर विका, ब्रिस्टलला या. गिऱ्हाईक मिळालं, तर त्याच्या वकिलाने मागच्या दाराशेजारच्या नव्या खिडकीचं सर्टिफिकेट मागितलं. बसवणारा धंदा बंद करून गेलेला. आता कौन्सिलचा माणूस येऊन तपासणार. त्याच्या आधी आमचे साहेब हजर. दारालगतची काच फुटली तर माणूस कापला जाता कामा नये, म्हणे, आणि तसा शिक्का काचेच्या खालच्या कोपऱ्यात असतो.

त्या कोपऱ्यात हिची टिकली. खुर्ची तिथेच, ही तिथे बसायची. तो शिक्का तिला डाग वाटायचा. घासून निघेना, तेव्हा कपाळावरची रुपयाएवढी टिकली रोज काढून त्यावर चिकटवायला लागली. हॉस्पिटलला गेली त्या सकाळची तिथेच राहिली.

"काढ," तो म्हणाला.

"घर नाही विकलं तरी चालेल. टिकली निघणार नाही."

तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. माझा दाढीचा आरसा उचलून तो बाहेर गेला. मला वाटलं, डोकं फिरलं. तर हा ओल्या गवतात खिडकीकडे पाठ करून बसला आणि टिकलीच्या मागची उलटी अक्षरं आरशात सुलटी करून वाचू लागला. अर्धा तास. मग बाहेरून एक चिठ्ठी डकवली, इथून वाचा म्हणून. कौन्सिलचा माणूसही मग तसाच गवतात बसला. सर्टिफिकेट आलं.

पुढच्या महिन्यात मी जातोय. टिकली काढायची तेव्हा मी काढीन, माझ्या हाताने.

पण माझ्या लेखी खिडकी पास झाली ती त्या दुपारीच. चिठ्ठी डकवून तो उठला, पँट चिखलाने भरलेली, ती झटकायचं सोडून टिकलीकडे बघत राहिला. डबल काच, आवाज येत नाही, पण ओठ हलले ते मला कळले.

"वहिनी, पास."