पाच पायऱ्यांचा साडू

कोल्हापुरात एकूण पायऱ्या किती, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याने महापालिकेत खेटे घालू नयेत. सरळ आमच्या साडूंना गाठावं. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही अक्काच म्हणतो, तिचे हे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, ते चाकाच्या खुर्चीत बसूनच. सरहद्दीवर सुरुंग फुटला आणि डावा पाय मांडीपासून गेला. उजवा आहे, पण नुसता हजेरीपुरता. कुणी हळहळून विचारलं तर ते विचारणाऱ्याचीच समजूत काढतात. "मी हिकडं आलो, पाय तिकडंच ऱ्हायला. त्येच्या बदलीची ऑर्डर अजून निघाली न्हाय," एवढं सांगून पाहुण्याला चहाचं विचारतात. खुर्चीत बसल्यापासून त्यांना सगळं गाव पायऱ्यांतच दिसू लागलं. माणसांची नावं ते विसरतात, पायऱ्या विसरत नाहीत. केस कापणारा म्हणजे 'दीड पायरीचा', मिसळवाला 'एक पायरीचा, पन उंच', दातांचा डॉक्टर 'तीन पायऱ्यांचा'. एकदा त्यांनी मला सांगितलं, "तीन पायऱ्यांच्याकडनं माझी कवळी तेवढी आना की." मी पिठाच्या गिरणीत गेलो. सुभेदारांची कवळी द्या, म्हटल्यावर गिरणीवाल्याने मला सावलीत बसवून पाणी पाजलं. परत येऊन मी साडूंवर चिडलो, तर उलट तेच माझ्यावर चिडले. "गिरणीच्या पायऱ्या चार हायत! एक मातीत गेलीया, म्हणून काय ती पायरी न्हवं?"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असो-नसो, काचेची एक हिरवी गोटी हमखास असते. कुठेही उतार दिसला की ते वरून गोटी सोडतात आणि मान वाकडी करून बघत राहतात. "गोटीनं चालाय पायजे, पळाय न्हाय पायजे," हा त्यांचा कायदा. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा, हे त्यांनी कुठल्याशा सरकारी पुस्तिकेत वाचलं होतं आणि तेव्हापासून ते साऱ्या जगाची परीक्षा घेत सुटले होते. बँकेचा उतार नापास. नव्या दवाखान्याचा काठावर पास. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर सह्याद्रीचे उतार काढून काढून हात दुखवले, पण त्याचं त्यांना काडीचं कौतुक नाही. "तुमचा सह्याद्री आपल्या बाजूनं पास हाय," असं ते मला एकदा फार गंभीरपणे म्हणाले. "कोकणाच्या अंगानं साफ नापास."

आता माझ्या घराचं सांगायला हवं. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगतो. आमचं घर नदीच्या अंगाला. पूर्वी त्याला एकच पायरी होती. दर रविवारी सकाळी फाटकाशी साडूंच्या खुर्चीची घंटा वाजायची. सायकलची घंटा, त्यांनी स्वतः बसवलेली. मी पायरीवरून थेट उंबऱ्याच्या आत एक लांब फळी टाकायचो आणि ते एका दमात घरात. मग पोहे खायचे, पेपरातल्या बातम्यांवरून माझ्याशी भांडायचं आणि दुपारी समाधानाने घरी जायचं, हा त्यांचा कार्यक्रम. पुढे एका वर्षी पंचगंगेचं पाणी आमच्या पलंगाला लागलं. ते ओसरल्यावर मी जुनं घर पाडलं, नवं बांधलं आणि जोतं चांगलं अडीच फूट वर घेतलं. काळ्या दगडाच्या पाच रुबाबदार पायऱ्या! वास्तुशांतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या दाखवत होतो. साडू आले, फाटकाशी थांबले, पायऱ्या एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली मोजल्या आणि म्हणाले, "साडू, ह्ये पान्याला अडवलासा का मला?"

सगळे हसले. चार तगड्या भाच्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. साडू संचलनात बसल्यासारखे ताठ, नजर समोर, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले. दोन घास खाल्ले न खाल्ले, आणि परत फाटकाशी टेकवल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "एकदा उचललंय मला चौघांनी, स्ट्रेचरवर. तेवडं पुरं झालं. पुन्यांदा न्हाय." ते रागावले नव्हते. पुढच्या रविवारी ठरल्या वेळी घंटा वाजली. पण ते फाटकाशीच थांबले. मी खुर्ची घेऊन खाली उतरलो, पोहे खाली आले, भांडण खाली झालं. पाऊस असला की मी त्यांच्यावर छत्री धरायचो आणि माझ्या बश्या भिजायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. पण अडीच फूट चढायला तीस फूट उतार लागणार, फाटकापासून दारापर्यंत अंगण जेमतेम बारा फूट, त्यात बायकोचा मोगरा आणि माझी स्कूटर. हे काही जमायचं नाही, असं मी स्वतःला फार लवकर पटवून दिलं होतं.

अपंग माजी सैनिकांना घरात सोयीचे बदल करून घ्यायला सरकारी अनुदान मिळतं, ही बातमी अक्काने आणली. त्यांच्या न्हाणीघराचं दार इतकं अरुंद होतं की खुर्ची बाहेर ठेवून साडूंना फरशीवरून सरकत आत जावं लागे. अक्काने पाठच धरली, तेव्हा त्यांनी अर्ज भरला आणि मला सोबत घेऊन माजी सैनिकांच्या कार्यालयात आले. आत शिरण्याआधी दाराच्या उताराला गोटी लावून बघितली. पास. साहेबही फौजेतलेच. अर्जात 'अडथळ्यांची ठिकाणे लिहा' असा एक रकाना होता. साडूंनी त्याला तीन पुरवण्या जोडल्या होत्या.

"सुभेदार, ही काय जनगणना केलीत?" म्हणत साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पहिला अडथळा. साडूचे घर. पायऱ्या पाच. पोहे चांगले असतात." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे साडू कोण?"

"ह्ये काय, उभारल्यात न्हवं," साडूंनी अंगठ्याने मला दाखवलं.

कार्यालयातले दोन कारकून माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघायला लागलो.

"अहो, हे अनुदान तुमच्या स्वतःच्या घरासाठी आहे," साहेब म्हणाले. "लोकांच्या घरासाठी नाही."

"साहेब, माज्या घरात मी हायच की," साडू म्हणाले. "मला भाईर पडून दुसऱ्याच्या घरात जायाचं हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला आणि एकेक गोष्ट विचारत स्वतःच्या हाताने भरला. न्हाणीघर, पुढचं दार, स्वयंपाकाचा ओटा. जुना अर्ज परत देताना तेवढे म्हणाले, "हा सांभाळून ठेवा."

अनुदान मिळालं आणि साडूंच्या घरी गवंडी आला. त्या बिचाऱ्याने आयुष्यात पुष्कळ घरं बांधली असतील, पण गोटी बाळगणारा मालक त्याला पहिल्यांदाच भेटला. पहिला उतार साडूंनी ओला असतानाच मोडायला लावला. "ह्यो रॅम्प न्हाय, घसरगुंडी हाय." दुसरा जमला. न्हाणीघराचं दार रुंद झालं, भिंतीला धरायला दांड्या आल्या. ओट्यावरून मात्र नवरा-बायकोत जुंपली, कारण तो खुर्चीच्या उंचीचा केला तर अक्काला वाकून वाकून कमरेचा काटा ढिला व्हायची भीती. शेवटी अर्धा ओटा उंच आणि अर्धा बुटका झाला. बुटक्या ओट्यावर साडू आता स्वतः चहा करतात. त्यात आलं इतकं असतं की पहिल्या घोटाला पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि साडूंना वाटतं माणूस गहिवरला. उतार झाल्यापासून पाहुण्यांना तोटा नाही. गॅसवाला सिलिंडर तिथूनच चढवतो, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या वाट वाकडी करून चहाला येतात. एका सकाळी तर दारोदार फिरून समोर धार काढून देणाऱ्या गवळ्याची म्हैस दावं सोडवून थेट पुढच्या सोप्यात येऊन उभी राहिली. अक्का किंचाळली. साडूंनी मात्र शांतपणे बघून घेतलं. खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा सोडावी, असा अनुदानातला नियम होता, तेवढ्याच जागेत ती म्हैस ऐटीत वळली आणि उतारावरून चालत खाली गेली. "बगितलासा?" साडू सगळ्यांना सांगत सुटले. "चालली. पळली न्हाय!"

मीही हसलो. पण 'पोहे चांगले असतात' हे काही डोक्यातून जाईना. एक दिवस बायकोला कार्यालयातला सगळा प्रकार सांगितला. ती ऐकत राहिली, मग उठली, आणि संध्याकाळपर्यंत तिने मोगरा उपटून कुंडीत लावला होता. "स्कूटरचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. मी तोच गवंडी बोलावला. फाटक कोणाचं हे ऐकून तो आधी यायलाच तयार नव्हता, कारण साडू रोज पेपर वाचायच्या निमित्ताने तिथे हजर असणार हे त्याने ओळखलं होतं. ते होतेच. भिंतीच्या कडेने वर, मध्ये दम खायला सपाट जागा, तिथून वळण घेऊन दारापर्यंत, असा तीस फुटांचा उतार झाला. माझ्या रुबाबदार पायऱ्या त्याच्यामागे निम्म्या झाकल्या गेल्या.

पहिल्या रविवारी घंटा वाजली. साडू इस्त्रीचा सदरा घालून आले होते, छातीवर पदकसुद्धा. बायको ढकलायला पुढे झाली तर अक्काने तिचा हात धरून ठेवला. ते दोन्ही हातांनी चाकं ओढत निघाले. वळणावर थांबले, गोटी ठेवली. गोटी हलली नाही. पुढे निघाले, घामाघूम होत दारात पोचले, आणि खट्कन खुर्ची अडली. उंबरा! चांगला दोन बोटं उंच, सागवानी. आम्ही सगळ्यांनी, गवंड्याने, आणि साऱ्या गावच्या पायऱ्या पाठ असलेल्या साडूंनीही तो मोजलाच नव्हता. वास्तुशांतीला त्यांना त्याच्यावरून उचलूनच नेलं होतं, आणि त्यानंतर ते दार त्यांनी लांबूनच बघितलं होतं.

मला रडू यायचंच बाकी होतं. साडूंनी वाकून उंबऱ्याला दोन बोटं लावून बघितली.

"साडू," ते म्हणाले, "तुमी सव्वापाच पायऱ्यांचं निघालासा." मग मान न वळवता, जरा हळू, "असं करा, मागनं जरासं रेटा."

"चालेल तुम्हाला?"

"रेटनं येगळं, उचलनं येगळं. रेटा की!"

इतक्या वर्षांत त्यांच्या खुर्चीला मी पहिल्यांदाच हात लावला. खुर्ची जरा मागे कलवून पुढची चाकं उंबऱ्यावर घेतली, एक धक्का दिला, आणि साडू माझ्या घरात आले. आत येऊन चौफेर बघितलं आणि म्हणाले, "पंखा लई हळू फिरतोय तुमचा."

गवंडी म्हणाला, उंबरा अर्ध्या दिवसात काढून देतो. साडूंनी त्याला चक्क दटावलं. "ऱ्हाऊ दे त्यो. समदं सपाट केलं तर ह्ये आमचं साडू दारापतूर येनार न्हाईत. आतनंच म्हनतील, या!"

म्हणून उंबरा राहिला. दर रविवारी घंटा वाजली की मी पेपर टाकून दारात जाऊन उभा राहतो. साडू चाकं ओढत येतात आणि वळणावरच्या सपाट जागेवर थांबून गोटी ठेवतात. ती पहिल्या दिवसापासून कधी हललेली नाही, तरी ते वाकून तिच्याकडे बघत बसतात. पूर्वी पटकन उचलायचे. हल्ली बराच वेळ बघतात, आणि सदऱ्याची पाठ वर-खाली होताना मला दारातून दिसते.

"काय म्हणते गोटी?" मी विचारतो.

"बसलीया," ते म्हणतात. "बसू दे जरा."

मी बसू देतो. मला कुठे जायचं नसतं, आणि पोहे झाकून ठेवलेले असतात.