बिनविरोध गावचा नागरिकशास्त्राचा मास्तर

पोलादपूरच्या हायस्कूलात तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे, इतिहासाचा पोर्शन संपून जे चार-दोन तास उरायचे त्यात उरकलं. पालक शाळेत आले की गणिताच्या सरांना भेटायचे, इंग्रजीच्या बाईंना भेटायचे आणि मला जाता जाता नमस्कार करायचे. त्यामुळे निवृत्त झाल्यावर थेट परदेशातून शिकवणीचं बोलावणं आलं तेव्हा मी जरा जास्तच ताठ चालायला लागलो, हे कबूल करतो.

बोलावणं आलं ते मेहुण्यामार्फत. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, मूळचा पाचाडचा. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात फिटर होता, तिथून उठून पश्चिम आफ्रिकेत गेला, घानामध्ये. तिथल्या त्यांच्या कंपनीच्या ड्रायव्हरची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी बारावीसारख्या कुठल्याशा परीक्षेला बसणार होत्या आणि त्यांना राज्यकारभार हा अख्खा एक विषय होता. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला नव्हे, स्वतंत्र विषय! मेहुण्याने छाती फुगवून सांगून टाकलं की आमचे भावोजी यातले दादा आहेत.

दर शनिवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल ठरला. मी मराठीत सांगायचं, मेहुण्याने इंग्रजीत. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. बोलायची वेळ आली की ते आत जाऊन बसतं. मेहुण्याचं उलट, तो व्याकरणाची वाट न बघता धडाधड बोलतो. मी सार्वभौमत्वावर पाच मिनिटं बोलायचो आणि तो ते सहा शब्दांत आटपायचा.

"एवढंच?" मी विचारायचो.

"भावोजी, मेन पॉइंट सांगितला."

कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे का असावेत, हे मी एकदा घसा सुकेपर्यंत समजावलं. मेहुणा काहीतरी बोलला, तिन्ही मुली हसल्या आणि भराभर लिहून घ्यायला लागल्या. काय सांगितलंस, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, "स्टोअरवाला, मालक आणि ऑडिटवाला एकच मानूस असला तर काय होईल, एवढंच विचारलं." तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, उदाहरण ठीक आहे.

या वर्गात एक चौथी विद्यार्थिनीही होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बायको समोरच परात घेऊन भिजवलेले वाल सोलत बसायची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण मी शाळेत जाऊन नक्की काय सांगतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आता दर शनिवारी ते तिच्या भाषेत, तिच्याच घरात, फुकट ऐकायला मिळत होतं.

गुप्त मतदानाच्या दिवशी मी अगदी रंगात आलो होतो. बोटाची शाई, आडोसा, यादी, सगळं सांगितलं. मताची किंमत सांगताना तर माझा मलाच गहिवर आला. मग ड्रायव्हरच्या मुलीने एक प्रश्न विचारला आणि मेहुण्याने तो मराठीत आणताना उगाच आवाज गोड केला. "ती विचारते, तुमच्या गावच्या पंचायतीला मागच्या वेळी मतदान कसं झालं?"

इथे आमच्या गावाविषयी सांगायला हवं. लोकसभेला, विधानसभेला आम्ही रांगेत उभे राहतो, पण ग्रामपंचायत मला आठवतं तेव्हापासून बिनविरोध. गावकी देवळात बसते, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन स्पीकरवर असतो, देवापुढे नारळ ठेवतात आणि नावं ठरतात. कोणी आगाऊपणाने वेगळा अर्ज भरलाच तर त्याला समजवायला कोणीतरी शिकलेला माणूस लागतो. माघारीचा अर्ज चांगल्या अक्षरात भरून द्यायलाही लागतो. तो माणूस मी. दरवर्षी मुलांना महाडला चवदार तळ्यावर नेऊन मी सांगायचो की हक्क कोणी आणून देत नाही, मागावा लागतो. आणि पंचायतीची निवडणूक असली की संध्याकाळच्या एसटीने गावात येऊन कोणाला तरी अर्ज मागे घ्यायला लावायचो. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही.

"आमच्याकडे एकमत असतं," मी त्या मुलीला सांगितलं.

तिला ते नवीन नव्हतं. म्हणाली, आमच्या आजोळच्या गावातही वडीलधारे एकमतानेच ठरवतात. पण गावाचा प्रमुख कोण व्हावा, ते नाव आधी घराण्यातली एक मोठी बाई सुचवते. तुमच्याकडे बायकांना कोण विचारतं?

समोर वाल सोलणारे हात थांबले. "सांगा की," बायको म्हणाली.

मी म्हटलं, रेंज गेली.

आम्ही राहतो वरच्या वाडीत. आमच्या नळांना पाणी सोडतात दुपारी एकला आणि त्या वेळी वाडीतल्या सगळ्या बायका शेतावर असतात. हा प्रश्न गावात आहे हे मी नोकरीत असेपर्यंत मला माहीतही नव्हतं. निवृत्त झाल्यावर हंडे भरायला घरात एक माणूस आला, त्यामुळे आमच्या घरापुरता तो सुटला. बाकीच्यांचा तसाच होता. बायको ते दरवेळी बोलून दाखवायची आणि मी दरवेळी "अर्ज करायला हवा" असं म्हणायचो.

पुढच्या महिन्यात निवडणूक लागली. आमच्या प्रभागात एक जागा बायकांसाठी होती. गावकीने तिथे खालच्या आळीतली एक तरुण सून ठरवली. बायको बाजाराला म्हणून पोलादपूरला गेली आणि सुकट, बटाटे आणि उमेदवारी अर्जाची पोच घेऊन आली. शौचालयाचा दाखला, घरपट्टीचा दाखला, सगळं तिने आधीच गोळा केलं होतं. मला सांगितलं होतं रेशनकार्डाचं काम आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी समजावलं असतं."

दुसऱ्या दिवशी गावकीचे अध्यक्ष दोघांना घेऊन आमच्या पडवीत आले. चहा घेतला, पावसाचं बोलले, मग म्हणाले, "मास्तर, आजपातुर दुसऱ्यांची घरं तुमी समजावलीत. आता तुमच्याच घरातनं असं झालं तर आमी कोनाला काय सांगायचं?" मी म्हटलं, बघतो.

मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. गावात राहायचं तर उद्या अडीअडचणीला माणसं दारात यायला हवीत. शिवाय ‘मास्तरांचा शब्द’ नावाची माझी जी काही इस्टेट होती, ती माझ्या डोळ्यांपुढे वाहून जात होती. संध्याकाळी बसून मी माघारीचा अर्ज भरला. तिचं नाव, प्रभाग, कारण ‘वैयक्तिक’. खाली सहीची जागा मोकळी सोडून तो टेबलावर ठेवला.

तिने हात पुसले, अर्ज उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला. "अक्षर छान हाय," म्हणाली आणि होता तिथे परत ठेवला.

"आणि सही?"

"शनवारी त्या पोरींना काय सांगाल? परत रेंज गेली?"

माघारीची मुदत सोमवारी तीन वाजेपर्यंत होती. सोमवारी ती नेहमीसारखी शेतावर गेली आणि मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहिलो. तीन वाजून पाच मिनिटांनी अध्यक्षांचा फोन आला. "मास्तर, आल्या नायत त्या तहसीलला." मी म्हटलं, हो, माहीत आहे. त्यांनी फोन ठेवला.

मग गावात प्रचार नावाची गोष्ट सुरू झाली. बाकी जागा बिनविरोध झाल्या होत्या, लढत या एकाच जागेची. बायकोला चिन्ह हवं होतं नळ, मिळालं कपबशी. विरोधातली ती खालच्या आळीची सून मोठ्या उत्साहाने वरच्या वाडीत मत मागायला आली, ती नेमकी दुपारी एकला. साऱ्या घरांना कड्या. सगळ्या वाडीत एकटा मी, नळाखाली हंडा धरून उभा. तिने दारोदारचे वाहते नळ बघितले. मग मला म्हणाली, "काका, बाकीच्यांचं पानी कोन भरतं?" आमच्याकडे मत मागायला आजवर कोणी आलंच नव्हतं, त्यामुळे हा प्रश्नही कोणाला पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी आली आणि अंगणाअंगणात बसून शब्द देऊन गेली की पाणी सकाळी सातला सोडायला लावीन.

मतदान गावच्या मराठी शाळेत होतं. मतदान अधिकारी माझाच जुना विद्यार्थी निघाला. शाई लावून घेऊन मी आडोशाआड गेलो. यंत्रावर दोन नावं होती. खालचं तिचं, पूर्ण, छापील अक्षरांत, मध्ये माझं नाव. पस्तीस वर्षांत तिचं नाव मी लग्नपत्रिकेनंतर कुठे छापलेलं पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनात. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेरून विद्यार्थी खाकरला. "सर, बटण दाबा." रांगेतली माणसं हसली. मी कपबशीसमोरचं बटण दाबलं आणि बाहेर आलो. बायको रांगेत तिसरी उभी होती. ती हसत नव्हती.

ती हरली, थोडक्यात हरली. आठवडाभर मी तिच्या आजूबाजूला सांत्वनाचं भाषण घेऊन फिरत होतो, पण तिने ते करायला जागाच दिली नाही. निवडून आलेल्या सुनेने शब्द पाळला. आता आमच्याकडे सकाळी सातला पाणी येतं. "निवडून येऊन तरी मी दुसरं काय करनार होते?" बायको म्हणाली. वाडीतल्या बायका तिला आता मेंबरच म्हणतात.

शनिवारी त्या तिन्ही मुलींना सगळं ऐकायचं होतं. या वेळी मी बोललोच नाही. बायको सांगत होती आणि मेहुणा आपल्या बहिणीचा एकही शब्द न गाळता भाषांतर करत होता. शेवटी ड्रायव्हरच्या मुलीने मला विचारलं, सर, तुम्ही मत कोणाला दिलं?

"भावोजी, हा मेन पॉइंट हाय," मेहुणा म्हणाला.

मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि फोन बंद झाला. मला मात्र राहवेना. निदान तिला तरी कळायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "ऐक, त्या दिवशी आत मी..."

"सांगू नका," ती म्हणाली. वाल सोलता सोलता, मान वर न करता. "नाय म्हनालात तर मला वाईट वाटंल. आनि हो म्हनालात तर खरं वाटायचं नाय."

माघारीचा तो अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. अक्षर खरंच छान आलंय.