ह्यांच्या नावाची मूठ

आमच्याकडे कानबाई देवीच्या रोटाचा गहू मुठीने काढतात. पूर्ण भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, प्रत्येकाची वेगळी. बायकांची नाही काढत, बायकांनी रांधायचं. तो गहू दळायला नेला की चक्कीवाला आधी चक्की पुसून घेतो, आणि त्या पिठाचा जो रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, होतो तो भाऊबंदांनीच खायचा, लग्न होऊन गेलेल्या लेकीला पण त्यातलं देत नाहीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी जाते. हे आधी सांगून टाकते, कारण हे माहीत नसलं तर मी काय केलं ते कोणाला कळणार नाही, आणि आता सांगितलं नाही तर मी परत घाबरेन आणि राहून जाईल.

माझे मिस्टर देव मानत नाहीत. लग्न झालं तेव्हा मी अमळनेरकडच्या खेड्यातून आलेली, आठवी झालेली, मला नास्तिक शब्दच माहीत नव्हता. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात हे मशीनवर आहेत, तिथे भाड्याची खोली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी भिंतीला देवाचा फोटो लावायला खिळा मागितला, तर ह्यांनी स्वतः ठोकून दिला आणि म्हणाले, "हे बघ, मी मानत नाही. तुला मानायचं तर मान, मी कधीच अडवणार नाही. पण माझ्या नावाने काही करायचं नाही. एवढं एकच." मी हो म्हटलं. खिळा मिळाला होता ना, मी कशालाही हो म्हटलं असतं.

मग हळूहळू मला दिसायला लागलं की ह्यांचं पण लई कडक असतं. दसऱ्याला कारखान्यात मशीनला हार घालतात, नारळ फोडतात, तेव्हा हे लांब उभे राहतात. कोणी पेढा दिला आणि प्रसाद म्हणाला की घेत नाहीत, तोच पेढा पोरगा पास झाला म्हणून दिला तर दोन खातात. रविवारी ह्यांच्यासारखे पाच-सहा जण एका मास्तरांच्या घरी जमतात, पुस्तकं वाचतात, वाद घालतात. सोबतचे कामगार चिडवतात, याचा धरमच वेगळा आहे म्हणून. मी एकदा पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "अहो, पण खरंच धरमच झाला ना हा? तुमचे नेम आहेत, वार आहे, पोथी आहे. फक्त देव तेवढा नाही." हे लई हसले. म्हणाले, "मग तू माझी भटजी हो." मग मी पण विसरून गेले.

आमचं पहिलं राहिलं ते तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होतं असं कधीकधी. पण माझ्या मनात बसलं की ह्यांच्यामुळे झालं. मी बोलले नाही कधी, पण बसलं. मग बाळ झालं, आणि त्या दिवसापासून मी भीतच आहे. खोकला आला की भीती, झोपला तर जास्त झोपला म्हणून भीती. कानबाई यायच्या वेळी तो नऊ महिन्यांचा होता. त्याची पहिली मूठ. ह्यांना शनिवारची सुट्टी नव्हती, म्हणून मी बाळाला घेऊन एकटीच आधी गेले, धुळ्याला उतरून तिथून दुसऱ्या एसटीने सासरी. जाताना हे म्हणाले, "आबांना सांग, माझी मूठ काढू नका. दरवर्षी सांगतो, तरी काढतात." मी मान हलवली.

सासूबाई नाहीत. आबा, म्हणजे माझे सासरे, भाऊबंदकीत सगळ्यात मोठे, गहू तेच काढतात. ओट्यावर धुतलेलं धोतर नेसून बसले, समोर सूप. मोठे जेठ होते, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, आणि घरोघरचे आठ-दहा जण. आम्ही बायका दाराच्या आत. आबा एकेकाचं नाव घेत मुठी टाकत होते. ह्यांच्या नावावर आले आणि मी दारातून हळू सांगितलं, की ते नको म्हणालेत.

आबांची मूठ वरच राहिली. जेठ लगेच म्हणाले, "आबा, दरसाल हाई नाटक. आते सोडा त्याले. त्याना धरम बदली गया."

"धरम काय बदली? रागे भरेल शे तो," आबा म्हणाले.

"पाच साल राग ऱ्हास का कोनले? नास्तिक म्हणजे धरमच शे तो, आबा. तठे त्यास्ना गुरू शे, रविवारे त्या जमतस, परसाद खात नहीत. आपला नेम नको, मंग त्यास्ना नेम कसाले पाळस? दुसरा धरममा गया त्यानी मूठ आपन काढतस का?"

कोणीतरी म्हणालं, "बरोबर शे भाऊनं."

"आनि मंग त्याना आंडोरनी बी काढता येवाव नही," जेठ म्हणाले. "बाप ज्या धरमना, पोऱ्या त्याच धरमना."

बाळ माझ्या खांद्यावर झोपलेला होता, गरम गरम. मला वाटलं ह्याला आत्ताच कोणीतरी हातातून काढून बाहेर ठेवतंय. मूठ नाही म्हणजे रोट नाही, रोट नाही म्हणजे भाऊबंद नाहीत, उद्या ह्याच्या लग्नात कोण उभं राहील, आमचं काही झालं तर ह्याला आपला कोण म्हणेल. आणि ते तिसऱ्या महिन्यातलं पण आठवलं.

जेठ माझ्याशी सरळ बोलत नाहीत, आमच्यात बोलत नाहीत. ते त्यांच्या बायकोला, माझ्या मोठ्या जाऊला म्हणाले, "तिले इचार. घरमा ऱ्हास ती, तिले ठाऊक. याना हाऊ धरम शे का नही?"

जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग वं माय, काय म्हणतस त्या."

मी एक फूट लांब उभी, सगळं ऐकलेलंच होतं. सगळे दाराकडे बघायला लागले. हो म्हटलं तर बाळाची मूठ जाते. नाही म्हटलं तर विचारतील, मग काय आहे? मला थोडंच माहीत होतं काय आहे ते! मी पदर पुढे ओढला आणि बोलून गेले, "धरम-बिरम काई नही, आबा. त्या भाहेर तसं म्हणतस. घरमा गुपचूप हात जोडतस. मी देखेल शे. बाळले ताप व्हता तवय फोटोनी म्होरे उभा व्हतात."

जेठच आधी हसले. "आरे तिना मायनी! चोर भगत!" मग सगळा ओटा हसला. "म्हणजे आमले शिकाडस आनि घर जाईसन दिवा लावस!" कोणी म्हणालं, त्याला फोन लाव. कोणी म्हणालं, नको, उद्या येईल तेव्हा आरती त्याच्याच हातात देऊ. बायका पण पदरात हसत होत्या.

आबा हसले नाहीत. त्यांनी डोळ्याला धोतराचं टोक लावलं. मग ह्यांच्या नावाची सव्वा मूठ टाकली, बाळाच्या नावाची टाकली, आणि बाळाची टाकताना हात जरा जास्तच भरून घेतला.

ताप होता हे खरं होतं. हे फोटोसमोर उभे होते हे पण खरं, कारण औषधाचा डबा त्या फोटोखालच्या फळीवर असतो.

रविवारी अकरा वाजता हे आले. ओट्यावरूनच सुरू झालं, "या भगतजी, या!" ह्यांना वाटलं नेहमीची मस्करी, हे पण हसले. मी चुलीपाशी पुरण घोटत होते, हात थांबत नव्हता. मग आबांनी ह्यांचा हात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाले, "माले लई बरं वाटनं भाऊ. वहूनी सांगं बठ्ठं. ताप व्हता तवय तू उभा व्हता म्हणे देवना म्होरे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुरणाकडे पाहिलं. मला ठाऊक होतं हे खोटं बोलत नाहीत. कारखान्यात एकदा चूक स्वतःची होती म्हणून सांगून पगार कापून घेतलेला माणूस. आता हे म्हणतील, आबा, ती खोटं बोलली. आणि देवी समोर बसलेली, नथ घातलेली, सगळी भाऊबंदकी गोळा झालेली, मी देवीच्या गव्हावर खोटं बोललेली बाई.

हे काहीच बोलले नाहीत.

जेठ म्हणाले, "आते मोकळा हात जोड ना भो, गुपचूप कसाले?" ह्यांनी हात नाही जोडले. पंगत बसली तशी हे आबांच्या बाजूला जाऊन बसले, मी वाढायला गेले. खीर पत्रावळीच्या बाहेर सांडली. ह्यांनी रोट मोडला आणि खाल्ला. पूर्ण खाल्ला, गंगाफळाच्या भाजीसोबत, काही ठेवलं नाही. मग बाळाला मांडीवर घेतलं आणि बोटाने जरासं पुरण त्याला चाटवलं. आबा बघत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले आणि कोठीच्या मागे उभी राहिले.

सोमवारी देवी गेली, आम्ही परत निघालो. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "चुकलं माझं. बाळाची मूठ काढत नव्हते."

"मला फोन करायचा ना," हे म्हणाले. "मी आबांशी भांडलो असतो. मोठ्या भावाशी भांडलो असतो. पोरगा त्यांच्या रक्ताचा आहे, त्याची मूठ मागायला मला देव कशाला लागतो?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच सांगते, ह्यांना फोन करावा हे माझ्या मनातच आलं नाही. मी ह्यांना आमच्या बाजूचे धरलंच नव्हतं.

मी घरी आल्यावर सोमवार धरले. दोन केले. देवीला म्हटलं माफ कर. काही हलकं झालं नाही. इकडे हे रविवारी घरीच राहायला लागले. पहिल्या रविवारी मला वाटलं थकले असतील. तिसऱ्या रविवारी विचारलं, जात का नाही मास्तरांकडे?

"काय तोंडाने जाऊ?" हे म्हणाले. "त्यांच्यासमोर बसून मोठ्या गप्पा मारायच्या आणि गावात भगत म्हणून रोट खाऊन यायचं?"

माझ्या तोंडातून निघालं, "म्हणजे बाटले तुम्ही. मग धरमच झाला की हो हा."

हे माझ्यावर कधी ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले. "धरम असता तर बरं झालं असतं! तुझ्यासारखे दोन सोमवार केले असते, सुटलो असतो. माझं वर कोणी बसलेलं नाही माफ करायला. मी ज्याच्याशी खोटं वागलो त्यालाच जाऊन सांगावं लागतं. आणि ते मी सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर तू खोटी ठरतेस." बाळ दचकून रडायला लागला. हे त्याला घेऊन गॅलरीत गेले, आणि मी तिथेच बसून राहिले. माझे सोमवार ह्यांना माहीत होते, हे पण मला तेव्हाच कळलं.

पोळ्याला मी गावी गेले, मुद्दाम. ह्यांना म्हटलं, मी सांगून येते. हे म्हणाले, तुझी मर्जी. आबा कपाशीच्या शेतात बांधावर बसले होते. मी बाळाला मांडीवर घेऊन जरा लांब बसले आणि सगळं सांगितलं, औषधाच्या डब्यापर्यंत सगळं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आबांनी कपाशीचं एक पान तोडलं. मग म्हणाले, "मंग रोट खाधा कसाले त्यानी?"

"मनासाठे, आबा. मी खोटी पडाले नको म्हनीसन."

"हं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला जसा काही हातात दिलेलं कोणी परत मागून घेतलं. मग उठले, माती झटकली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीस्ले सांगू नको, बेटा. भाऊबंदमा हासू व्हई. पोऱ्यानी मूठ बी त्या पुढला साल काढू देवाव नहीत. जे शे ते चालू दे."

आणि मी मान हलवली. परत. जेठ घरात होते, जाऊ होती, सगळे बैल सजवायला जमणार होते, सांगायचं असतं तर तिथे सांगता आलं असतं. बाळाची मूठ म्हटलं की माझं तोंड बंद होतं, माझं मलाच आवरत नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"सांगितलं?"

"हो."

"सगळ्यांना?"

ओट्यावर जेठ कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, आमना भगत आज वना नही का पोळाले. मी फोनवर हात दाबून धरला, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"आबांना सांगितलं," मी म्हटलं.

ह्यांनी विचारलं, बाळ जेवला का. मी म्हटलं, हो, जेवला.